नाव न टाकता आलेला अभिप्राय

रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली दिसली तर लिंबू उचलून सरबत करावं, अशा विचारांची मी बाई. करणी, अंगात येणं, उतारा... आमच्या गल्लीत या सगळ्याचा सुकाळ होता आणि मी प्रत्येकीशी वाद घालून बसलेली आहे. त्यामुळे इथे लिहायला जरा अवघडच वाटतंय. हसलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

गोष्ट सुरतची, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. आम्ही डिंडोलीत राहायचो, मी आणि माय. मूळचे खानदेशातले. माझे वडील — आम्ही त्यांना नाना म्हणायचो — उधन्याला लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कामाला होते. मी लहान असताना एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते गावी जायला भुसावळ पॅसेंजरमध्ये बसले आणि गावी पोचलेच नाहीत. पोलीस झाले, दवाखाने झाले, नातेवाईक झाले. ना माणूस आला, ना माणसाची बातमी.

आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवतात. नानांची घागर मायनं कधी भरली नाही. भरली म्हणजे माणूस गेला हे कबूल केलं. ती रोज कुंकू लावायची, आणि आखाजी आली की कोणाशी बोलायची नाही. अगदी माझ्याशीसुद्धा. मला तिचं ते गप्प बसणं सहन व्हायचं नाही.

कॉलेज झाल्यावर मी उधन्यात जिग्नेशभाईंच्या सायबर कॅफेत कामाला लागले. दुपारी तिथे चिटपाखरू नसायचं. खालच्या मजल्यावर लूम चालायचे, त्यामुळे फरशी सतत थरथरायची... टेबलावरच्या ग्लासातलं पाणीसुद्धा. पंख्याचा गरम वारा, मॉनिटरचा निळसर उजेड, खालची ती एकसुरी खटखट. आपण जागे आहोत की डुलकी लागली आहे, हे मला कधी कधी खरंच कळायचं नाही.

अशाच एका दुपारी परदेशातल्या काही मराठी मंडळींनी इंटरनेटवर चालवलेला कथांचा बोर्ड सापडला. रोमन लिपीत मराठी कथा टाकायची, वाचणाऱ्यांनी मत द्यायचं. नियम मला आवडला: आधी दुसऱ्यांच्या कथा वाचून काय भिडलं, काय खटकलं ते लिहायचं, मगच आपली टाकायची. मी इमानेइतबारे लिहिलं. मग माझी टाकली, नानांची. बायको डबा घेऊन खात्यात जाते, नवरा आखाजीला गावी निघतो, हरवतो. इथपर्यंतच. शेवट अजून लिहिलाच नव्हता, फक्त डोक्यात होता — आखाजीच्या दिवशी तो आंब्यांची पिशवी घेऊन दारात उभा राहतो.

'खूप सुंदर', 'डोळे पाणावले', 'लिहीत राहा'... असे अभिप्राय आले. नुसता गूळ चाटून पोट भरत नाही. शेवटी मीच खाली लिहिलं, कौतुक पुरे, कुठे फसलंय ते सांगा.

काही दिवसांनी एक उत्तर दिसलं. नावाची जागा कोरी. लाइन मंद होती, पान ओळी-ओळीनं उतरत होतं. बोर्डावर सगळे एकमेकांना 'तुम्ही' म्हणायचे. यानं थेट 'तू' म्हटलं होतं.

"खात्यात कोणी ओरडत नाही. त्या आवाजात ओरडून काय उपयोग? ओठ हलवायचे, समोरचा वाचतो. बायको दारात आली की तो आधी धागा तुटला नाही ना ते बघेल, मग तिच्याकडे बघेल. बायको फार रडते, कमी कर. ती गप्प बसणारी बाई आहे. आणि शेवटी त्याला आंब्यांची पिशवी देऊन दारात उभा करू नको. तो तुझा हट्ट आहे. तिच्या हातात घागर दे."

आणि शेवटची एक ओळ अहिराणीत: "बाकी मीठ बराबर शे." म्हणजे, मीठ बरोबर आहे.

पिशवीचं मी कोणालाही बोलले नव्हते. घागरीचा तर कथेत उल्लेखही नव्हता. मी ते उत्तर परत एकदा वाचलं. तरी स्वतःला समजावलं की कथेत आखाजी आहे म्हणजे आंबे आले, घागर आली. कोणा खानदेशी लूमवाल्याचा मुलगा अमेरिकेत असेल, त्यानं ताडलं असेल. तेवढ्यात जिग्नेशभाई मागून डोकावले आणि हसले, "वार्तामां मीठुं क्यांथी आव्युं?" गोष्टीत मीठ कुठून आलं, म्हणून. म्हणजे मी झोपेत नव्हते, एवढं नक्की.

संध्याकाळी माय भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं. ओठांचं ऐकून ती किंचित हसली. घागरीचं ऐकून तिनं पुढचा गोळा थापायला घेतला. शेवटच्या ओळीला तिचा हात थांबला.

"परत सांग."

मी सांगितलं.

"तुन्हा नाना मन्हा सैपाकले कधीच चांगला म्हनेत नही," ती म्हणाली. "भाजी पातळ शे, भाकर जाड शे, समदं सांगेत. आनि उठता उठता म्हनेत, बाकी मीठ बराबर शे."

मला हे माहीत नव्हतं. लहानपणी ऐकलं असेलही, पण ते उत्तर काही मी लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "माय, उद्या मी त्यालाच विचारते. कोण आहात, कुठे आहात."

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"इचारू नको."

"का पण?"

"इचारं त ज्वाब यी." खरंच, विचारलं तर उत्तर येणार होतं.

भाकरी करपली, तरी आमच्यापैकी कोणी ती उलटली नाही.

मी विचारलं नाही. कितीदा तरी कीबोर्डवर हात ठेवला आणि काढून घेतला. पुढे तो बोर्डच बंद पडला. तेव्हा असंच व्हायचं, एखादी साइट आज आहे आणि उद्या नाही. त्यामुळे पुरावा म्हणून दाखवायला माझ्याकडे काही नाही.

त्यानंतरच्या आखाजीला माय बाजारातून नवी घागर घेऊन आली. भरली. वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, हात जोडले. मग आरशासमोर जाऊन रोजच्यासारखं कुंकू लावलं. शेजारच्या सुमनमावशींना राहवेना. "बहीन, घागर भरी ना? मंग आते कुकू कसाले?"

"पानी समदासलेच लागस," माय म्हणाली. पाणी सगळ्यांनाच लागतं, गेलेल्याला काय नि असलेल्याला काय. आणि त्या आखाजीला ती दिवसभर माझ्याशी बोलत बसली, नानांबद्दलच.

कथेचा शेवट मी त्या उत्तरात होता तसाच लिहिला, तिच्या हातात घागर देऊन. ते उत्तर जिवंत माणसाचं होतं, गेलेल्याचं होतं, की भलत्याच कोणाचं... इतकी वर्षं डोकं चालवून मला काही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला खुलासा सुचला तर जरूर लिहा. मी वाचेन. मायला मात्र वाचून दाखवणार नाही.