चांगुणाबाईनं मिळवलेली जमानत

चांगुणाबाई वाशीमकडची. पैनगंगेपल्याड इंग्रजांचं राज्य आणि अल्याड निजामाचं, पण लग्न होऊन आपण दुसऱ्या राज्यात नांदायला आलो हे तिच्या गावीही नव्हतं. सासर-माहेरात तिला एवढाच फरक दिसे, की वाटेत कनेरगावचा नाका लागे आणि तिथले जवान गाठोडं सोडून बघत.

नवरा मसाजी धनगर. शंभरावर मेंढरं होती, एक कुत्रं होतं, जमीन मात्र बोटभर नव्हती. पावसाळा गावाजवळ काढायचा आणि दिवाळी झाली की भावकीच्या वाड्याबरोबर गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठी, उतरायचं. हा वाडा म्हणजे घर नव्हे. घोड्यावर बिऱ्हाड लादून कळपांमागं चालणारी सात-आठ कुटुंबं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दोन लेकरं झाली, दोन्ही राहिली नाहीत. तेव्हापासून दोघं एकमेकांना धरून होती. तो पुढं चालायचा, ती मागं. दिवसभरात चार शब्द होत नसत, पण त्याची पाठ दिसत असली की तिला पुरे.

सासरा ग्यानबा अफू खाई. फार नाही, ज्वारीच्या दाण्याएवढी, सकाळ-संध्याकाळ. गुडघे धरले तेव्हा कुणीतरी दिली, ती तीस वर्षं चालली. त्या वर्षी, जर्मनांच्या लढाईचं तिसरं साल असेल, दसऱ्यानंतर मसाजी वाशीमच्या बाजारात मेंढे विकायला निघाला, तेव्हा चांगुणानंच सांगितलं,

"मामंजीला वाशीमचीच मानवती. गंगथडीला कुठं दुकान धुंडत बसता? चार महिन्यांची एकदम घेऊन या."

सरकारी परवान्याचं दुकान एका माणसाला ठरल्यापेक्षा जास्त देत नसे. म्हणून मसाजीनं चांगुणाच्या दोन भावांना बरोबर नेलं. तिघांनी तीन गोळे घेतले, तीन चिठ्ठ्या घेतल्या. चिठ्ठी असल्यावर भ्यायचं कशाला? नाक्यावरच्या जवानानं "काय आहे?" असं विचारलं, तर या शहाण्यानं लपवाछपवी न करता स्वतःच धोतराचा सोगा सोडला. "अफू हाय साहेब, बराबर चिठ्ठीची हाय," म्हणून तिन्ही गोळे आणि तिन्ही चिठ्ठ्या पुढं ठेवल्या. पल्याडची चिठ्ठी अल्याड चालत नाही हे त्याला माहीत नव्हतं. उलट तीन नावांच्या तीन चिठ्ठ्या बघून जवानाची खात्रीच पटली, की हा गडी चोरून विकणारा आहे. पंचनामा झाला आणि मसाजीला हिंगोलीच्या हवालातीत नेलं.

चांगुणाचा थोरला भाऊ संपतराव वकील गाठून आला. वकिलानं सांगितलं, खटला चालेल तेव्हा चालेल, तोवर जमानतीवर सुटता येईल. पण जामीन राहणारा माणूस या राज्यातला हवा आणि त्याच्या नावावर जमीन हवी.

"मपली बारा एकर हाय की!" संपतराव म्हणाला होता.

"ती पल्याड."

"मंग हेची मेंढरं लिहून घ्या."

वकील हसला. "मेंढरं आज इथं, उद्या तिथं. त्यांना कोण धरून ठेवणार?"

इकडं ग्यानबाची अफू तुटली. म्हातारा रात्रंदिवस कण्हायचा, ओकायचा, हातपाय आपटायचा. चांगुणा त्याचं अंग रगडायची आणि मनात म्हणायची, हे सारं मपल्या तोंडातून निघालं. पंधरा-वीस दिवसांनी म्हातारा निवला. एका सकाळी पेज प्याला आणि रडायला लागला. "बिन अफूची झोप लागली गं मला. पोरगं लोखंडात, अन् मला झोप लागायली!"

भाकरी करताना चांगुणाच्या हातून तिघांचं पीठ मळलं जाई. उरलेली भाकरी कुत्र्याला टाकताना जीव तुटे. मसाजीचं घोंगडं ती पांघरत नसे. त्याचा वास जाईल म्हणून ते घडी घालून बांबूच्या कांबीवर ठेवलं होतं, आणि दिवसातून एकदा काहीतरी शोधायचं निमित्त काढून ती त्यात तोंड घालून येई.

शेवटी ती जामीन राहा म्हणायला गावातल्या उकंडरावांच्या दारी गेली. दरवर्षी पेरणीआधी मसाजीची मेंढरं खतासाठी त्यांच्याच शेतात बसत. साठ एकराचा धनी, पण माणूस सावध. ताकसुद्धा फुंकून पिणारा. अंगणात त्यांची बायको शकुबाई शेणमातीनं धान्याची कणगी लिंपत होती. चांगुणा शेजारी बसली आणि शेण कालवायला लागली.

"काहून आलीस ते ठावं हाय मला," शकुबाई म्हणाली. "यायच्यापुढं अफूचं नाव काढलं की घरात पंचाईत व्हती. यायच्या चुलत्याची निम्मी जमीन अफूनं खाल्ली. दुसरं काय बी माग."

"दुसरं काय बी नको, बाई."

"मोठी आली नवऱ्याबिगर न राहणारी," शकुबाई हसली. मग तिच्याकडं बघून शेणाची पाटी तिच्यापुढं सरकवली. दोघींनी कणगी लिंपून संपवली. हात धुताना शकुबाई हळूच म्हणाली, "बस जरा. जेवायला येतील."

उकंडराव आले, जेवले, ऐकून घेतलं. "मसाजी खरा माणूस हाय, त्याबद्दल न्हाई. पण कचेरीत पेशीला आला न्हाई तर मपल्या जमिनीवर टाच. तुमचं बिऱ्हाड घोड्यावर. कुठं शोधू मी तुमाला, गंगाखेडला का पैठणला?"

"चुकायचे न्हाईत, मालक. मी शपथ घेते."

"शपथ कागदावर लिहीत न्हाईत बाई."

"अवं, मंग ठिवा की त्याला आपल्यापाशी," शकुबाई आतून बोलली. "ज्वारी राखायला गडी पाह्यजेच हाय. डोळ्यासमोर राहील."

उकंडरावांनी सुपारी तोंडात टाकली. "हे पटतं. गोठ्यावर राहील, जेवाय-खायाला आमी देऊ. म्हातारा बी राहू दे त्याच्यापाशी. पण खटला सुटंपर्यंत गावची शिव ओलांडायची न्हाई. पेशीला हिंगोली सोडून कुठं बी न्हाई."

"अन् मेंढरं?" हे शकुबाईच्याच ध्यानात आलं. "ती थांबतेत का चार-सहा महिने? इथं चारा कुठंय?"

चांगुणानं पदर सावरला. "मेंढरं मी नेते."

"एकली?"

"वाडा हाय की संगं."

म्हणताना सोपं गेलं. घरी येताना तिला उमगलं, की आपण त्याला सोडवायला निघालो होतो, आणि सुटल्यावरही तो आपल्यापाशी नसणार हे आपल्याच तोंडानं कबूल करून आलो. पण हवालातीतल्या भिंतीपेक्षा गोठ्यावरचं आभाळ बरं, असं म्हणत ती चालत राहिली.

वाड्याला आणखी थांबता येईना. ठरलं असं, की वाडा हिंगोलीवरून औंढ्याच्या वाटेला लागेल, हिंगोलीबाहेर एक रात्र मुक्काम करील, दुसऱ्या दिवशी उकंडराव गाडी घेऊन कचेरीत येतील आणि म्हातारा वाड्यावरूनच गाडीत बसेल.

कचेरीत सगळं उर्दूत. कारकुनानं कागद वाचला, उकंडरावांनी सही केली, मसाजीचा अंगठा घेतला. तो बाहेर आला तेव्हा चांगुणानं आधी त्याची मनगटं पाहिली. दाढी वाढली होती, डोळे आत गेले होते. अकरा वर्षांच्या बायकोला बघून तो लाजला.

"बाबा कसाय?"

"बराय. अफू सुटली."

"सुटली?" तो वेड्यासारखा हसला. "मंग मी कशापायी गेलो गं आत?"

"मपल्या अकलेपायी."

"तुपली न्हाई. मीच सोगा सोडला." थोडं चालून त्यानं विचारलं, "बांडी मेंढी व्याली का?"

"व्याली. मादी कोकरू झालं."

वाड्यावर पोचेतो दिवस कलला होता. भावकीतल्या बायांनी भाकरी वाढली आणि शहाणपणानं दूर सरकल्या. दोघं बाभळीखाली बसली. महिनाभर चांगुणानं मनात किती बोलून ठेवलं होतं! आणि आता तो सांगत होता, औंढ्यापुढच्या नाल्याचं पाणी पाजू नको, खुरीचा रोग व्हतो. भुईमुगाच्या रानात शिरू देऊ नको, मालक भांडखोर हाय. लंगड्या मेंढ्याला मागं ठिव. ती "व्हय, व्हय" म्हणत भाकरीचे तुकडे करत होती. तोंडात एकही जाईना.

"खा की," तो म्हणाला.

"तुमी खा. मला मायंदाळ मिळतं."

"चांगुणे."

"काय?"

तिच्या हातातला तुकडा घेऊन त्यानं तो तिच्याच तोंडाला लावला. दिवसाउजेडी, चारचौघांत. तिनं तो खाल्ला.

उकंडरावांनी गाडी जुंपली. "चल रे मसाजी, दिवस बुडायच्या आत वाटेतला माळहिवरा गाठायचाय." ग्यानबाला उचलून आत बसवलं. मसाजी मागच्या बाजूला पाय सोडून बसला. तिकडं वाड्याच्या घोड्यांवर ओझी चढली, कळप दक्षिणेला वळले. चांगुणा काठी घेऊन मेंढरांमागं उभी राहिली.

गाडी निघाली तसा मसाजीला राहवलं नाही. "चांगुणे, सांभाळ गं!" त्यानं मोठ्यानं हाक दिली.

मेंढरांनी माना वर केल्या. महिनाभर न ऐकलेला आवाज. पुढची वळली, तिच्यामागं दुसरी, आणि बघता बघता शंभर मेंढरं धूळ उडवत गाडीच्या मागं धावत सुटली. चांगुणा काठी आपटत आडवी गेली, कुत्रं भुंकत गेलं, वाड्यातले दोघं-तिघं धावले. "आवाज काढू नको रे बाबा!" कुणीतरी ओरडलं.

मसाजीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मेंढरं थांबली, इकडंतिकडं बघत राहिली, मग हळूहळू माघारी वळली. चांगुणा त्यांच्या मध्ये उभी होती. तिलाही हाक मारायची होती. पण आपण हाक मारली तर तो ओ देईल, आणि ओ दिली की मेंढरं पुन्हा पळतील, म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले. गाडी कनेरगावच्या वाटेनं लहान होत गेली. तोंडावर हात दाबून बसलेला तिचा माणूस तिला दिसत होता तोवर ती बघत राहिली. मग काठी उचलून मेंढरांना औंढ्याच्या वाटेला लावलं.