ईशान्य कोपरा

जयपुरातल्या सी-स्कीमच्या हेड ऑफिसातून माझी मुरलीपुऱ्याच्या बांधकामाच्या साइटवर बदली झाली, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पेढे मागितले. साइटवर पाठवतात ती मालकांच्या भरवशाची बाई, असं तिथे समजत. कसला भरवसा अन् कसलं काय! पहिल्याच दुपारी मी इंजिनियर साहेबांना बाथरूम कुठे आहे म्हणून विचारलं, तर ते पेनाचं टोपण चावत पत्र्याच्या छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, मॅडम, साइट है, थोडा ॲडजस्ट कीजिए.

ॲडजस्ट! आम्ही बांधत होतो ती इमारत फ्लॅटांची. प्रत्येक फ्लॅटला दोन बाथरूम, आणि जाहिरातीत फोटो त्यांचेच मोठे. पण ती बाथरूमं बांधायला दिवसभर डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायकांसाठी आडोसा म्हणून एक पत्रा उभा करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि ही गोष्ट दोन हजार पाच-सहाची, जेव्हा जयपुरात जिकडेतिकडे 'लक्झरी' लिहिलेले बोर्ड लागत होते.

माझ्या नेमणूकपत्रावर प्रशासकीय सहायक असं छापलेलं होतं. म्हणजे फोन घ्यायचे, पत्रं टाइप करायची, सामानाची मागणी हेड ऑफिसला पाठवायची, आणि गिऱ्हाईक आलं की सजवलेला सॅम्पल फ्लॅट उघडून दाखवायचा. त्या फ्लॅटची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असे. आतलं बाथरूम सकाळ-संध्याकाळ पुसलं जाई. नळाला पाणी होतं, कारण गिऱ्हाईक नळ सोडून बघतंच. वापरायला मात्र ते कुणालाच नाही, मलाही नाही, अशी मालकांची सक्त ताकीद होती.

बाजूचा प्लॉट रिकामा होता, बाभळी वाढलेला. बायका तिथे जात, दोघी-दोघींनी, एक पाठ करून उभी राहायची. मी जात नसे. मी पाणीच पीत नसे. राजस्थानातल्या मे महिन्यात मी सकाळी घरून निघताना घोटभर पाणी घ्यायची ते संध्याकाळपर्यंत तेवढ्यावरच. मग व्हायचं तेच झालं. जळजळ, ताप, डॉक्टर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरपूर पाणी पीत जा. मला हसावं की रडावं कळेना. आई घरी चिडली. बाबा भुसावळहून रेल्वेच्या बदलीवर इथे आलेले, म्हणून आम्ही जयपूरचे झालो. पण आईची जीभ अजून भुसावळचीच. तिने त्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मला म्हणाली, तू काय मुकी आहेस का गं?

मुकी नव्हते. पण नोकरी हवी होती, म्हणून मूग गिळून बसले होते.

मग बाजूच्या प्लॉटला भिंत घातली गेली. मालक कुणी वेगळाच होता, त्याची जमीन, त्याची भिंत. संध्याकाळपर्यंत भिंत डोक्याच्या वर गेली आणि दुसऱ्या दिवशी बायकांना जागाच उरली नाही. त्यांच्यात एक पोटुशी होती, दिवस भरत आलेली, जयपूरजवळच्या चाकसूकडची. दुपारी ती माझ्या केबिनच्या दारात येऊन बसली. घामाने डबडबलेली, पोटावर हात. मी विचारलं काय होतंय, तर ती ओढणी तोंडात धरून रडायलाच लागली.

"बाईसा, अब मैं कहाँ जाऊँ?"

मी त्याच क्षणी मागणी टाइप केली. विटा, दार, संडासाचं एक भांडं, बायकांसाठी. आवारात एकच कोपरा मोकळा होता, तोही लिहिला. बाकी सगळीकडे सिमेंट आणि सळ्या. आणि तिला रिक्षात घालून माझ्या ओळखीच्या एका घरी नेऊन आणलं. असं रोज थोडंच करता येणार होतं?

मालकांचं उत्तर फोनवर आलं. तो कोपरा ईशान्येचा. पंडितजींनी सांगितलंय, ईशान्य देवाची जागा, तिथे संडास आला की इमारतीला बरकत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण त्याच कोपऱ्यात, आवाराच्या भिंतीकडे तोंड करून, साइटवरचे झाडून सगळे पुरुष उभे राहत. मिस्त्री, ट्रकवाले, इंजिनियर साहेबसुद्धा. उन्हात तिथून असा भपकारा येई की मी केबिनची खिडकी कधी उघडली नाही. पुरुषांनी केलं की ईशान्य बाटत नाही वाटतं!

आठवड्याने मालक पंडितजींना घेऊन साइट बघायला आले. चहा मीच नेला. पंडितजी बरकतीबद्दल बोलत होते. मी ट्रे ठेवला आणि सरळ सांगितलं, की पंडितजी, त्या ईशान्येत रोज काय होतं ते एकदा जवळ जाऊन बघा, बघायचीही गरज नाही, नाक पुरेल. इंजिनियर साहेबांचा चेहरा पडला. पंडितजी खरंच गेले आणि उपरण्याने नाक दाबून परत आले. मालक तांबडेलाल झाले. मला वाटलं, चला, आता तरी डोळे उघडतील.

उघडले, पण भलतीकडेच. दुसऱ्या दिवशी मला हुकूम आला: त्या भिंतीवर लावायला देवांच्या टाइल्स मागव. शंकर, हनुमान, साईबाबा, सगळे. म्हणजे पुरुष तिथे उभे राहणार नाहीत. टाइल्स मीच मागवल्या, मीच मोजून घेतल्या. भिंतीवर देव लागले, पुरुष पलीकडच्या भिंतीला गेले, आणि बायका होत्या तिथेच राहिल्या. देवांची सोय झाली. बायकांचं नावही कुणी काढलं नाही. त्या दिवशी मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

मी ड्रॉवर उघडला, किल्ली घेतली आणि सॅम्पल फ्लॅटचं दार सताड उघडलं. चाकसूच्या बाईला आधी आत पाठवलं. बाकीच्या दारात घुटमळल्या. ज्या लाद्या त्यांनी डोक्यावरून वर चढवल्या, त्यांच्यावर पाय ठेवायला भीत होत्या. चपला बाहेर काढून, पदर सावरत, एकेक जण आत गेली. मग मीही गेले.

रोज हेच चाललं. आणि एका सकाळी मालक न सांगता गिऱ्हाईक घेऊन आले. नवरा-बायको, चांगले कपडे, हातात माहितीपत्रक. सॅम्पल फ्लॅटच्या दारात सिमेंटने माखलेल्या बायकांची रांग. मालकांनी मला बाजूला घेतलं आणि दात-ओठ खात विचारलं, हे काय चाललंय? मी आवाज मुळीच खाली केला नाही.

"भाईसाहब, पूरी साइट पर औरतों के लिए यही एक बाथरूम है।"

गिऱ्हाइकाच्या बायकोने ते ऐकलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग मालकांकडे. नवऱ्याला म्हणाली, चला, आणि ते गेले.

चार दिवसांत संडास उभा राहिला. सळ्यांचा ढीग थोडा सरकवला, झाली जागा. एवढंच होतं ते! मालकांना ना त्या बाईच्या पोटाची दया आली, ना माझ्या तापाची. गिऱ्हाइकापुढे नाक कापलं गेलं, म्हणून विटा लागल्या. चाकसूची बाई तोवर घरी गेली होती. मला तिचं पुढचं कळलं नाही.

भिंतीचा गिलावा वाळायच्या आत इंजिनियर साहेब माझ्या टेबलाशी आले. अगदी मऊ आवाजात म्हणाले, मॅडम, एक चांगलं कुलूप मागवून घ्या. चावी तुमच्यापाशी ठेवा. ह्या बायका घाण करतील.

मी मान डोलावली. साइट पूर्ण होऊन फ्लॅटांत माणसं राहायला येईपर्यंत ते मला कुलपाची आठवण करून देत राहिले, आणि सगळ्या मागण्या वेळेवर पाठवणारी मी, ते कुलूप मात्र शेवटपर्यंत मागवलं नाही.