कळ, कालवण आणि रत्नप्रभा

रत्नप्रभाचं आणि घड्याळाचं कधी पटलं नाही. नवऱ्याने, लवूने, हौसेने दिलेलं घड्याळ मनगटावर असायचं, पण बाळंतिणीच्या कळा मोजायला ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसे. अंधेरीच्या एका प्रसूतिगृहात आम्ही दोघी नर्स होतो, ऐंशी सालानंतरची गोष्ट. ती मूळची कणकवलीकडची, राहायला भांडुपला, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

कळा मोजायची तिची रीत तिचीच. पोटावर हात ठेवायचा आणि विचारायचं, "काय गो, तुझ्या घरी माशाचं कालवण कसं करतात?" बाई सांगू लागायची. मध्येच बोलणं तुटलं, हाताखाली पोट घट्ट झालं, की समजायचं कळ आली. पुन्हा बोलू लागली की गेली. सुरुवातीला दोन कळांच्या मध्ये अख्खं कालवण शिजून ताटात पडायचं. पुढेपुढे जेमतेम मासे साफ व्हायचे. मग रत्नप्रभा उठून बाळंतपणाचं टेबल तयार करायची. शाकाहारी बाईला ती वरणाबद्दल विचारायची, पण त्यात तिचा जीव रमत नसे.

डॉक्टर कुंदाबाई रोज ओरडायच्या, "सिस्टर, घड्याळ बघा! कळ किती टिकली, मध्ये पोट किती सैल पडलं, बाळाचे ठोके कसे आहेत, ते बघा." रत्नप्रभा "हो मॅडम" म्हणायची आणि त्यांची पाठ वळली की परत मसाल्यावर यायची. मला हसू यायचं आणि चीडही यायची, कारण बोलणी दोघींना खावी लागत.

अशात वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली कमळ आली. बाजारात मासे विकणारी, आवाज खणखणीत. तिची सासू कृष्णाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "पयला पोर घरानच झाला. कला रेंगालल्या, कोनी बघला नाय. पोर रडलाच नाय गो. या टायमाला रडलेला ऐकू येऊंदे, बस."

इकडे रत्नप्रभाने नेहमीचा प्रश्न विचारला. कमळ सांगू लागली: ओले बोंबील, चिंच, लसूण, मिरची.

"आणि नारळ?"

"नारल कशाला? नारल घातला का बोंबलाची चव मरते."

झालं! रत्नप्रभाचं रक्त उसळलं. "नारळाशिवाय कालवण? ता काय आजाऱ्याक देतत?"

"तुमी मालवणी लोका नारल खाता, म्हावरा नुसता वासाला!"

दोघींची अशी जुंपली की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. पाट्यावर वाटण किती गुळगुळीत लागतं हे दाखवायला रत्नप्रभाने दोन्ही हात उचलले. कमळ मध्येमध्ये केवढ्याने ओरडायची, पण बोलायची थांबेना. मला वाटलं, भांडण रंगलंय. बोलणं तुटत नाही म्हणजे कळा अजून लांब आहेत, असा रत्नप्रभाचा हिशेब.

तेवढ्यात डॉक्टर आल्या. त्यांनी कमळच्या पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हिला कळेवर कळ येतेय. मध्ये पोट सैल पडायलाच तयार नाही. सिस्टर, तुमचा हात कुठाय?"

हात हवेत होता, नसलेलं वाटण वाटत होता.

बाळाचे ठोके मंदावले होते. आम्ही कमळला डाव्या कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला. रत्नप्रभा पांढरीफटक पडली. "अगो, कळ येत होती तर गप्प का नाय झालीस?"

"गप रवले का तो दिस आठवतो, बाय," कमळ धापा टाकत म्हणाली. "तवा सगली गप होती."

रत्नप्रभाचे डोळे भरले. तिने हात परत पोटावर ठेवला आणि मनगट डोळ्यांसमोर येईल असं वळवलं. "बोल गो तू, काय व्हया ता बोल. माझो हात आता हयसरना हलूचो नाय."

आणि खरंच हलला नाही. कळ आली की ती डॉक्टरांना सांगत होती, गेली की सांगत होती. ठोके जरा सावरले. कमळला टेबलवर घेतलं. कालवण, बाजार, नवऱ्याची होडी, जे सुचेल ते ती ओरडून सांगत होती.

मुलगी झाली. गळ्याला नाळेचा वेढा होता, अंग निळसर. डॉक्टरांनी वेढा सोडवला, तोंड साफ केलं, पाठ चोळू लागल्या. पोर गप्प. आणि दिवसभरात पहिल्यांदा कमळही गप्प झाली. मला तिच्याकडे बघवेना. मी नुसतीच टॉवेल धरून उभी होते.

"रड गो बाय माझे," रत्नप्रभा पुटपुटत होती. "रड."

पोरीने आधी तोंड वाकडं केलं, मग एक बारीक आवाज काढला, आणि मग जो गळा काढला तो थेट रस्त्यापर्यंत गेला असेल. बाहेर कृष्णाबाई मोठमोठ्याने रडायला लागली. डॉक्टर हसल्या. मीही रडले, सांगायला कसली लाज!

कमळ ते रडणं ऐकत पडून राहिली. मग तिने रत्नप्रभाचा हात ओढला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "बाय, आता मी जरा गप रवू?"