आपाला कबरस्तानात नेताना

थंडीत पहाटे गार पाण्यानं पाय धुवायचे म्हटलं की माझं इमान डळमळतं. म्हणून मी एक मौलाना शोधून काढलेत. ते मोबाईलवर असतात. आम्ही हनफी पंथाचे, ते नाहीत. पण साध्या सुती मोज्यांवरून ओला हात फिरवला तरी नमाजाआधीचा वजू पुरा होतो, असं ते मानतात. आमच्या मशिदीचे इमाम म्हणतात, मोजे चामड्याचेच हवेत. दोघंही शिकलेले, दोघांकडंही दाखले. निकाल माझ्या पायांनी दिला. दाढीच्या लांबीसाठी माझ्याकडं तिसरे मौलाना आहेत. मंडईत भेंडी मोडून मोडून घ्यावी तसा मी धर्म घेतो, कोवळा तेवढा.

लोकांना हे हसून सांगायचो. गेल्या हिवाळ्यापासून सांगताना राग येतो.

माझी थोरली बहीण, आपा, हुपरीला दिलेली. अम्मा भर पावसाळ्यात गेली. बायका मय्यतीच्या मागं जात नाहीत, म्हणून आपा दारातच राहिली. तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं, एकदा अम्माच्या कबरीपाशी ने. मी इमामांना विचारलं. बायकांनी न गेलेलं बरं, ते म्हणाले. मोबाईलवाल्या मौलानांना ऐकलं. आक्रोश न करता, अदबीनं गेलं तर हरकत नाही, ते म्हणाले. पुन्हा दोन मतं, दोन्हींना आधार. मोज्यांना सोयीचं मत लावणारा मी आपाला मात्र दर खेपेला इमामांचंच सांगत राहिलो. कबरस्तान कमिटीची माणसं काय म्हणतील, याची धास्ती. धास्तीला मी शरियत म्हणत होतो.

जानेवारीत ती सकाळच्या एसटीनं आली, तेव्हा मी मोरीत मोज्यांवरून हात फिरवत होतो. तिनं विचारलं, मी ऐटीत दोन मतांचा सगळा मसला समजावला. घरात आम्ही दखनी बोलतो, पण चिडलो की कोल्हापुरीवर येतो. आपा कोल्हापुरीवर आली.

"म्हंजे तुझ्या पायाला गार लागतंय म्हणून तुला दुसरा मौलाना चालतोय," ती म्हणाली. "आणि माझी आई मेली तर मला चालत न्हाय व्हय?"

मी मोजे न बदलताच तिला मागं बसवलं आणि गाडीला किक मारली.

कबरस्तानाच्या फाटकात कमिटीचे एक चाचा खुर्ची टाकून बसलेले. आपा समोर उभी असताना ते मला म्हणाले, बाईमाणसाला बाहेर थांबवा. जणू ती पिशवी होती. माझं डोकं सणकलं. मत एकच नाही चाचा, दोन आहेत, आज आम्ही दुसरं घेतलंय, असं मी इतक्या मोठ्यानं सांगितलं की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघू लागला. चाचा उठेपर्यंत आपा आत गेली होती. मी छाती काढून पुढं झालो, तिला वाट दाखवायला.

भिंतीकडच्या रांगेत येऊन थांबलो. तिथं शेजारी शेजारी दोन कबरी. पावसानं दोन्हींची माती खचलेली, दोन्हींवर सारखंच वाळकं गवत. नावाची पाटी एकीवरही नव्हती. अम्माला दफन केलं तेव्हा पाटीवरूनही दोन मतं निघाली होती. कबरीवर लिहू नये, असं एक. ओळखीपुरतं चालतं, असं दुसरं. मी पहिलं उचललं, कारण त्यात पेंटरकडं खेटे घालावे लागत नव्हते. आणि दफनानंतर मी इकडं फिरकलोच नव्हतो.

"कुठली?" आपानं विचारलं.

मी डावीकडं बोट केलं. मग उजवीकडं.

 

"तुला कुणी अडवलं न्हवतं की रं," ती म्हणाली.

मग तिनं पदर सारखा केला आणि दोन कबरींच्या मधोमध बसली. कागदातली गुलाबाची फुलं दोन्हींकडं वाटली. तिचे ओठ हलत होते. मी मागं उभा राहून शब्द जुळवत होतो. पावसाळा, गवत, कामाचा रगाडा. एकही मत माझ्या बाजूचं सापडेना.

दुआ संपल्यावर रिकामा कागद तिनं माझ्या हातात दिला.

"पुढच्या खेपेला मी एकटी येणार. तू नगं."

फाटकात चाचांनी मला सलाम केला. फक्त मला. आणि मी, सवयीनं, तो घेतला. आपा तोवर एसटी स्टँडच्या वाटेला लागली होती, पायी.