शाळेच्या दारातला पोलीस

चोरी तशी किरकोळ होती. तिच्याहून मोठ्या कितीतरी चोऱ्या माझ्या नोकरीत झाल्या आणि त्या मी विसरूनही गेलो. ही मात्र अजून जशीच्या तशी आठवते, कारण तिच्यात चोर सापडणं हा सर्वांत सोपा भाग निघाला.

पन्नासच्या दशकात मी शिरूरला फौजदार होतो. गावाबाहेर, नदीच्या अंगाला एक प्राथमिक शाळा होती. तिच्या छपराची दुरुस्ती संपत आली होती आणि एका सकाळी वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ आणि पाण्याचा पितळी हंडा नाहीसा झाला. कुलूप शाबूत होतं. कौलं सरकवून कोणीतरी आत उतरलं होतं. मी पंचनामा केला. शाळा समितीच्या अध्यक्षांना त्याची गरज वाटत नव्हती. ते मोठे बागाईतदार, तालुक्यात वजन असलेले. शाळेशेजारी पारध्यांची वस्ती आहे आणि तिथली मुलं शाळेत येतात, एवढ्यावर त्यांचा निकाल झाला होता.

ती मुलं शाळेत आणली होती मुख्याध्यापिका बाईंनी. बाई ख्रिस्ती, मिशनमध्ये शिकलेल्या. पालापालांतून फिरून, आयांची समजूत घालून त्यांनी एकेक मूल गोळा केलं होतं.

मी वस्तीत जाऊन चौकशी केली, पालं तपासली. काही मिळालं नाही. अध्यक्षांनी वर खटपट केली आणि शाळेवर एक पोलीस शिपाई नेमावा असा हुकूम आला. मी एक शांत स्वभावाचा, मुलाबाळांचा माणूस निवडून पाठवला. तो इमानदार होता. नुसतं दारात बसून राहणं त्याला जड जाई, म्हणून बाई हजेरी घेताना तो शेजारी उभा राहून आलेल्या मुलांकडे नजर टाकी. दुसऱ्या दिवशी वस्तीतलं एकही मूल आलं नाही. त्यानंतरच्या सकाळी वस्तीच जागेवर नव्हती.

अध्यक्ष ठाण्यात आले ते समाधानानं. चोर पळाले, आता तरी पटलं का, असा त्यांचा सूर होता. मला पटेना. पळायचं तर ते चोरीनंतर लगेच पळाले असते. पंचनामा झाला, झडती झाली, तोवर सगळे जागेवर होते. मग एक शिपाई निमूट उभा राहिल्यावर असं काय घडलं? मला त्या हंड्यापेक्षा या प्रश्नाचं कुतूहल जास्त वाटू लागलं.

पुढे दौंड ठाण्याकडून निरोप आला, की भीमेच्या काठाला नवी पालं पडली आहेत. मी साध्या कपड्यांत निघालो. बाईंनी बरोबर येण्याचा हट्टच धरला.

पुरुष माणसं आम्हाला पाहून बाजूला झाली. बोलली ती एक म्हातारी. वस्ती का मोडली, असं मी विचारलं.

"साळंत पोलीस हजेरी घ्याया लागला न्हवं," ती म्हणाली. "माझ्या बापानं हजेरी दिली, मालकानं दिली. आता पोरांनी बी द्यायची?"

मग माझ्या ध्यानात आलं. जुन्या कायद्यानं ही सगळी जमातच गुन्हेगार ठरवली होती. मोठ्या माणसांना रोज पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय दुसऱ्या गावी जाता येत नसे. तो कायदा रद्द होऊन फार वर्षं झाली नव्हती.

बाई म्हणाल्या, "अहो, हजेरी तर मी रोजच घेत होते."

"तुमी घेत व्हता तवा ती साळंची व्हती," म्हातारी म्हणाली. "पोलीस हुबा ऱ्हायला, मंग ती कुनाची?"

बाई तिच्याजवळ खाली बसल्या.

निघताना मी सहज विचारलं, हंडा कुणी नेला असेल?

"जुनी कौलं न्यायच्या गाडीत गेला. पहाटं, आमच्या पालाम्होरनंच." मग आधी का नाही सांगितलं, म्हटल्यावर ती म्हणाली, "तुमी आमाला इचारलं, तुमी चोरला का. कुनी नेला, त्ये न्हाई इचारलं."

छपराचं काम घेतलेल्या ठेकेदाराला मी ठाण्यात बोलावलं. हंड्याचं नाव काढलं नाही. जुनी कौलं कुठं गेली, कोणत्या रस्त्यानं, कोणी उतरवून घेतली, एवढंच विचारत राहिलो. खोटं बोलणारा माणूस एका गोष्टीची तयारी करून येतो, बाजूच्या दहा गोष्टींची करत नाही. गाडी दौंडला गेल्याचं त्याच्या तोंडून निघालं आणि पुढचे दुवे जुळेनात, तेव्हा तो सगळं कबूल करून मोकळा झाला. दौंडच्या बाजारातल्या जुनी भांडी मोडीत घेणाऱ्या एका दुकानदाराकडे मुद्देमाल मिळाला.

एवढं होऊनही पोलीस शाळेवर राहू द्यावा, असा अध्यक्षांचा आग्रह होता. त्यानं शिस्त लागते, असं त्यांचं म्हणणं. मी वरिष्ठांना प्रत्यक्ष भेटून सारी हकिगत सांगितली आणि शिपाई परत बोलावला. वस्तीला परत बोलवायला बाई पुन्हा दौंडला गेल्या. या वेळी एकट्याच.

शाळेत पोलीस असावा की नसावा, असं लोक मला अजून विचारतात. गणवेश घातलेला माणूस कितीही सज्जन असो, त्याच्यामागे त्याच्या आधीचे सगळे गणवेशवाले उभे असतात, हे मी त्या नदीकाठी शिकलो. ज्यांना त्यांचा त्रास झाला नाही, त्यांना ते दिसत नाहीत. म्हणून शाळेला पोलीस कशासाठी हवा, यापेक्षा तो कोणाला कसा दिसेल, हे मी आधी विचारतो.

चोरी उघडकीला आणल्याबद्दल मला शेरा चांगला मिळाला. बरीचशी मुलं परत शाळेत आली. त्यांच्यातल्या दोन बहिणी मात्र आल्या नाहीत. त्यांचं कुटुंब दौंडहून आणखी पुढे गेलं, कुठं ते कळलं नाही. बाईंनी पुष्कळ चौकशी केली. दुसऱ्या कोणी केली नाही.