लंडनची नसलेली गाडी

माझ्या मैत्रिणीच्या वडिलांइतका गाड्यांना ओळखणारा आणि माणसांना न ओळखणारा माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत दुसरा झाला नाही. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. नगर रस्त्याला त्यांचं गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करायचं दुकान होतं. जुन्या विलायती गाड्यांच्या आपल्याकडे बनलेल्या आवृत्त्या ओळखणं हे त्यांचं वेड. अँबेसिडरच्या तोंडाला चौकटीचौकटींची बारीक जाळी दिसली की मार्क टू, आडव्या पट्ट्या दिसल्या की मार्क थ्री. अँबेसिडर मांडवात उभी असो की स्मशानाच्या वाटेवर, आबा आधी तिची जाळी बघणार, मग माणसांना राम राम. केडगावच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या गाडीवरच्या झेंडूच्या माळा उचलून खाली डोकावून पाहिलं आणि वरबापाला शांतपणे सांगितलं, "पुढनं मार्क टू हाय आन् मागनं मार्क फोर. पाव्हणं, ह्या दोघांचं लगीन तुमच्या आधीच लागलंय." वरबाप दिवसभर त्यांच्याशी बोलला नाही. आबांना वाटलं, माणूस गडबडीत असेल.

विलायती गाडीचं त्यांना कौतुक नव्हतं. "नकाशा त्यांचा, पर आपल्या खड्ड्यात टिकली ती आपल्या लोकांनी ठोकलेली," असं ते म्हणायचे. मी पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. माझे वडील दौंडला रेल्वेच्या युनियनमध्ये होते, आणि आमच्या घरात धान्याच्या डब्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. आबांचं हे वाक्य मला एखाद्या घोषणेसारखं वाटायचं. आबांना घोषणा कळत नसत. त्यांना पत्रा कळायचा.

त्यांची मुलगी, माझी मैत्रीण, भीमेकाठच्या एका गावात तिथल्या पुढाऱ्यांच्या, म्हणजे साहेबांच्या, शाळेत तीन वर्षं बिनपगारी शिकवत होती. "यंदा कायम करू," असं साहेब दर जूनमध्ये सांगत. तिच्यासारख्या आणखी चौघीजणी. साहेबांच्या घरच्या लग्नात त्यांनी पंगती वाढल्या, निवडणुकीत चिठ्ठ्या वाटल्या. याला आमच्याकडे समाजकार्य म्हणतात.

मग साहेबांच्या वडिलांचा पुतळा उभारायचं ठरलं. थोरल्या साहेबांची जुनी गाडी गोठ्यातून बाहेर काढून आबांकडे आणली. आबांनी महिनाभर ती फुकट ठोकली. पोरीचं काम होईल म्हणून नव्हे, गाडी आवडली म्हणून. पोरगी मात्र रोज देवाला हात जोडत होती, कारण साहेबांनी तिला निरोप धाडला होता: कार्यक्रम होऊ दे, मग तुझी ऑर्डर काढू.

कार्यक्रमाच्या दिवशी गाडी मांडवात उभी होती. शेजारी फलक: 'थोरल्या साहेबांनी खास लंडनहून मागवलेली मॉरिस ऑक्सफर्ड.' आबांना मंचावर बोलावून शाल-नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणून माईक पुढे केला. मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला. तिला फलक दिसला होता. आबांनाही दिसला होता.

"फलकावर थोरल्या सायबांचा मोठेपणा कमी लिव्हलाय," आबा म्हणाले. "ही लंडनची न्हाई. लँडमास्टर हाय. बॉनेटखालची कंपनीच्या नावाची पट्टी रंगानं झाकली व्हती, म्या नखानं खरवडून वाचली. इथंच बनल्याली हाय. आवं, लंडनची कुनीबी आनील, पैसा असला म्हंजी झालं. थोरल्या सायबांनी आपल्या मानसांच्या हातची घेतली."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा मांडव हसला. साहेबही हसले, टाळ्या वाजवल्या. आबा खाली आले ते फुललेल्या चेहऱ्यानं. "सायबास्नी लई बरं वाटलं," म्हणाले.

सोमवारी मैत्रिणीला शाळेच्या फाटकातूनच परत पाठवलं. तिची जागा पुढच्या आठवड्यात भरली.

मी संध्याकाळी पत्रक लिहायला बसले. मथळाही झाला होता. ती आली आणि कागदावर हात ठेवून म्हणाली, "काढ खुशाल. पण आबा वाचायला येतंय तेवढं वाचतात. मी त्यांना सांगितलंय, पोरं कमी झाली म्हणून तुकडी बंद पडली. तुझं पत्रक खरं असंल गं. पण घरात त्यांना बघायचं मला हाय." ते पत्रक निघालं नाही. ती कारेगावला एका कंपनीत खोकी भरायला जाऊ लागली. थोरल्या साहेबांच्या पुतळ्याला दरवर्षी हार पडतो आणि कुणाची मान खाली जात नाही.

काही महिन्यांनी मी दुकानावर गेले. आबांनी हातोडी खाली ठेवली.

"तू लिव्हनारी पोर," ते म्हणाले. "तुकडी खरंच बंद पडली का गं?"

खोट्याविरुद्ध मी तोवर किती कागद काळे केले होते याची मोजदाद नव्हती. मी म्हणाले, "व्हय आबा. पोरंच न्हाईत शाळेत."

त्यांनी समोरच्या पत्र्यावरचा रंग नखानं जरासा खरवडला आणि तिथंच हात थांबवला.

"मंग बरं," म्हणाले, आणि चहा येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो.