सिएरा लिओनच्या वाट्याला चार मिनिटं

मित्रहो, रागातच लिहितोय, सांभाळून घ्या.

आज साताऱ्यातल्या एका शाळेत आमचे शेजारी, निवृत्त सुभेदार आबा, सिएरा लिओनवर बोलणार होते. पश्चिम आफ्रिकेतला हा छोटा देश त्यांनी शांतिसेनेत असताना पाहिला. महिनाभर खपून त्यांनी जुन्या चादरीवर त्याचा नकाशा रंगवला होता.

आधी दीपप्रज्वलन झालं. मग शाल-श्रीफळ देऊन सत्कार सुरू झाले. अध्यक्षांचा, उपाध्यक्षांचा, मंडपवाल्याचा आणि शेवटी माझासुद्धा! माझं कर्तृत्व एवढंच, की मी आबांना रिक्षातून आणलं. शास्त्राने अतिथीला देव म्हटलंय. आपण त्याला देवासारखंच नुसतं बसवून ठेवतो.

आबांच्या हाती माईक आला, तेव्हा शाळा सुटायला चार मिनिटं होती.

"पोरांनो, तितला एक पाणघोडा आपल्या रेडकाएवढाच हाय. लय लाजाळू. दिसभर झाडीत दडून बसतोय."

मुलं पुढे सरकली.

"आन् ही राजधानी, फ्रीटाऊन. गुलामीतनं सुटलेल्या माणसांनी वसवलेली."

एक मुलगी उभी राहिली. "आबा, त्यांना गुलाम कुणी केलं होतं?"

आबांनी नकाशावरच्या समुद्राकडे बोट नेलं आणि घंटा वाजली. लगेच आभारप्रदर्शन सुरू झालं. तेही लांबलंच.

परतताना आबांनी चादरीची घडी करून ती मांडीवर घेतली. घराजवळ आल्यावर मला म्हणाले, "आवं गुरुजी, त्या पोरीला सांगायचं ऱ्हायलंच की."

शाळेने माझी शाल परत घ्यावी आणि आबांना एक तास द्यावा. घरात पडून असलेली तुमची शालही या सौद्यात घालाल का?